भिंतीपलीकडची फिलूमाय

नोकरी सोडून मी भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या घराच्या दारावर ‘शीतकरण सल्लागार’ अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्या आठवड्यात जे कोणी बेल वाजवायला आले, ते सगळे एसी दुरुस्तीसाठी आले होते. चौथ्या मजल्यावरच्या शहाभाभी तर फ्रिजचं तुटलेलं हँडल हातात घेऊनच आल्या. ‘‘आप ठंडे का काम करती हो ना?’’ मी हो म्हटलं. कामाचं वर्णन म्हणून ते काही चूक नव्हतं.

माझं काम असं, की जिथे मोठ्या प्रमाणावर थंडी तयार करावी लागते, म्हणजे शीतगृहं, बर्फाचे कारखाने, दूध डेअऱ्या, हॉटेलांच्या थंड खोल्या, तिथे जायचं, यंत्रणा पाहायची आणि काय बिघडलंय, काय बिघडणार आहे, काय बदलायला हवं ते सांगायचं. फक्त सांगायचं. पाना दुसऱ्याच्या हातात, पैसे दुसऱ्याच्या खिशात, निर्णय दुसऱ्याच्या डोक्यात. नोकरीत असताना माझ्या शब्दामागे कंपनी उभी असायची. आता शब्द एकटाच जायचा.

हे मला काशीमीऱ्याच्या एका हॉटेलमालकाने फार लवकर शिकवलं. त्याच्या थंड खोलीत मटण टिकत नव्हतं. मी तापमानाचे आलेख काढून सुबक अहवाल केला. त्याने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटला, कौतुकाने हातात तोलला आणि विचारलं, ‘‘मॅडम, लई भारी झालंय. आता मला सांगा, उद्या सकाळी मी काय करू?’’ अहवालात सगळं होतं, फक्त उद्याची सकाळ नव्हती.

पण आज मला सांगायचंय ते पालीच्या बर्फ कारखान्याबद्दल. सल्लागार म्हणून मी कशी घडले असं कोणी विचारलं, तर मी त्या एका डिसेंबरकडेच बोट दाखवते.

उत्तनजवळचं पाली हे कोळीवाड्याचं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून स्कूटर आली तर कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. कारखाना गावाच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला. मालक इनासकाका. साठी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, तरुणपणी स्वतः बोटीवर गेलेले. गावातल्या बऱ्याच बोटी त्यांचाच बर्फ घेऊन समुद्रात जायच्या. विजेचं बिल फार येतंय, ते कमी कसं करायचं ते सांगा, एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं.

बर्फाचा कारखाना आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत एक मोठी टाकी असते, तिच्यात मिठाचं पाणी. मीठ असल्यामुळे ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले लोखंडी डबे सोडतात, आणि डब्यांत बर्फाच्या लाद्या तयार होतात. मिठाचं पाणी थंड ठेवण्याचं काम अमोनिया करतो. तो नळ्यांतून सारखा फिरत असतो, टाकीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, पुन्हा परत येतो. मोठा कामसू वायू. पण त्याला पाण्याची भारी ओढ. नळीतून बाहेर पडला, की जिथे ओलावा मिळेल तिथे धावतो, आणि माणसाच्या शरीरात ओलावा असतो तो डोळ्यांत, नाकात, घशात आणि छातीत.

त्या दिवशी मी बिलाच्या मागावर होते. यंत्रघरात दत्ताराम नावाचा ऑपरेटर होता. मूळचा रायगडचा, इथे काम करतच केस पिकलेले. त्याने मला सगळं दाखवलं, फक्त मागच्या भिंतीकडे जायला लागले तेव्हा म्हणाला, ‘‘तिकडे काय नाय मॅडम, अडगळ आहे.’’

अडगळीमागे अमोनियाच्या मुख्य साठवण टाकीतून निघणारी नळी होती. तिच्यावरचं जुनं आवरण भिजून फुगलं होतं. बिल वाढण्याचं एक कारण मिळालं म्हणून मी खूश झाले आणि आवरणाचा एक तुकडा ओढला. त्याच्याबरोबर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. शेवपुरीच्या पापडीसारखे. मी बोटाने हलकेच चाचपलं, तर आणखी सुटले. मी हात मागे घेतला आणि नंतर बराच वेळ श्वास जपून घेत होते, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

‘‘हे तुला माहीत होतं?’’ मी दत्तारामला विचारलं.

त्याने मान खाली घातली. ‘‘शेटना सांगितलेलं. ते बोलले, नाताळ होऊ दे.’’

इनासकाकाही तेच बोलले. त्यांच्या छोट्या ऑफिसात येशूच्या तसबिरीखाली बसून त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘मॅडम, नाताळ तोंडावर हाय. सगळ्या बोटींना आत्ता फेऱ्या मारायच्यात. मी बर्फ न्हाय दिला तर त्या दुसरीकडे जातील, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाय. इतकी वर्षं काय झालं न्हाय, आता पंधरवड्यात काय होतंय?’’

‘‘काका, ते फुटलं तर—’’

‘‘तुम्हाला मी बिलासाठी बोलावलं. बिलाचं सांगा.’’

मी थैली उचलून निघाले. घरी येऊन जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘लेखी कळव आणि मोकळी हो. तुझी जबाबदारी तेवढीच.’’ कायद्याने ते बरोबर असेल. पण माझ्या नखांत अजून गंज होता. मी लेखी कळवल्याने ती नळी एका दिवसानेही जास्त टिकणार नव्हती. सरकारी खात्यात तक्रार करता आली असती. पण तिथून कोणी येईपर्यंत नाताळ होऊन गेला असता. तेव्हा मला काशीमीऱ्याचा तो हॉटेलवाला आठवला. मी इनासकाकांना ‘बंद करा’ म्हणाले होते. उद्या सकाळी काय करायचं ते सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी कागदावर यंत्रणेचं चित्र काढून नेलं. साठवण टाकीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह होता. तो बंद करायचा, कॉम्प्रेसर चालू ठेवून नळ्यांतला सगळा अमोनिया टाकीत ओढून घ्यायचा, मग रिकाम्या नळीचा खराब तुकडा कापून नवा बसवायचा. वेल्डर मी आणते. रविवारी सकाळी सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ धरता येईल. तोवर बोटींना तयार लाद्या द्या.

त्यांनी चित्रातल्या नळीवरून बोट फिरवलं. ‘‘एकच दिवस?’’

‘‘एकच.’’

‘‘आणि गावात बोंबाबोंब न्हाय करायची.’’

मी हो म्हटलं. ते ‘हो’ मला रविवारी फार जड गेलं.

रविवारी सकाळी मी ओळखीच्या शीतगृहातून दोन गॅस मास्क मागून आणले होते. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. थंडीच्या दिवसांत सकाळी तो तसाच असतो, म्हणूनच मी सकाळची वेळ धरली होती. काही सुटलंच तर समुद्राकडे जाईल. पण दुपारकडे वारा उलटतो हेही मला माहीत होतं.

‘‘भिंतीपलीकडे कोण राहतं?’’ मी विचारलं.

‘‘कोण न्हाय,’’ इनासकाका म्हणाले.

मी स्टुलावर चढून पलीकडे डोकावले. अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील लटकत होते, खुराड्यात कोंबड्या होत्या आणि एक म्हातारी पाटावर बसून मासे साफ करत होती. वर पाहून म्हणाली, ‘‘काय गो, काय पायजे?’’

मी खाली उतरले. इनासकाका दुसरीकडे पाहत होते. दत्ताराम हळूच म्हणाला, ‘‘शेटची मोठी बहीण. फिलूमाय. कारखान्याच्या जागेवरून झालंय त्यांचं. बोलत नाहीत एकमेकांशी.’’

कोण न्हाय म्हणजे काय, ते मला कळलं.

‘‘काका, फिलूमाय घरातून बाहेर निघेपर्यंत मी व्हॉल्व्हला हात लावू देणार नाही. गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही सांगायला हवं.’’

‘‘व्हॉल्व्ह फिरवायचाय, बॉम्ब न्हाय लावायचा!’’

‘‘तो शेवटचा कधी फिरवला होता?’’

त्यांनी दत्तारामकडे पाहिलं, दत्तारामने त्यांच्याकडे. दोघांनाही आठवत नव्हतं. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह हलवला, की त्याच्या दांड्याभोवतीचं वाळलेलं पॅकिंग दगा देऊ शकतं आणि तिथून गॅस सुटू शकतो. हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, ‘‘मग तुम्हीच जा सांगायला.’’

मी गेले. फिलूमायने मला चहा विचारला, बसायला पाट दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मी न्हाय जायाची.’’

‘‘माय, फक्त दुपारपर्यंत—’’

‘‘आज दुपारपर्यंत. उद्या येऊन बघते तर माझ्या दाराला त्याचा कुलूप. बापाची अर्धी वाडी अशीच गेली. कोर्टाचा माणूसपण असाच गोड बोलत आलेला.’’ मग कोयता धुवत म्हणाली, ‘‘त्याला पायजे तर त्याने यावं. तुला का धाडतो?’’

परत येऊन मी ते सांगितलं, तर इनासकाका म्हणाले, ‘‘मी तिच्या दारात जाणार न्हाय.’’

आणि तिथे सगळं अडलं. वेल्डर विड्या ओढत बसला. बाहेर दोन बोटींची माणसं हातगाड्या घेऊन आली होती, त्यांना लाद्या कमी पडत होत्या आणि ती आरडाओरडा करायला लागली. ऊन वर चढत होतं. मी सारखी गेटजवळच्या नारळाच्या झाडाकडे पाहत होते. त्याच्या झावळ्या अजून समुद्राकडेच झुकत होत्या, पण मधूनच थांबायच्या.

‘‘मॅडम, फिरवून टाकू ना,’’ दत्ताराम म्हणाला. ‘‘मी हळू फिरवतो.’’

मलाही क्षणभर तेच वाटलं. कदाचित काहीच होणार नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, की बहुतेक वेळा काहीच होत नाही.

मी मास्क थैलीत भरले. ‘‘काका, मी जाते. तुमच्या घरची माणसं तुम्ही बघा. पण मी इथून थेट गल्लीच्या तोंडाशी जाऊन प्रत्येक घरी सांगणार आहे, की ही नळी काय स्थितीत आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडतेय, हे तुम्हाला सांगून मोडतेय.’’

ते माझ्यावर धावून येतील असं मला वाटलं. मग त्यांनी पायातल्या चपला कारखान्यातच काढल्या आणि अनवाणी निघाले. मी आणि दत्ताराम मागून.

फिलूमाय दारातच उभी होती.

‘‘बाय,’’ ते म्हणाले.

‘‘घर पायजे तुला?’’

‘‘तुझं घर मी घेईन?’’

‘‘अर्धं घेतलंस की.’’

कोंबड्या पायांत फिरत होत्या. इनासकाकांनी एक कोंबडी पायाने हळूच बाजूला सारली. मग म्हणाले, ‘‘त्या नळीची मला गेली दोन वर्षं भीती वाटतेय, बाय. रात्री झोपेत वास येतो. उठून बघतो तर काय न्हाय. ही बाई परवा आली, तिने सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. गॅस सुटला तर पहिला तुझ्याकडे येईल. चल तू.’’

फिलूमायने भावाकडे पाहिलं. आत गेली, चूल पाण्याने विझवली, दाराला स्वतःचं कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. गल्लीच्या टोकाला क्रूस आहे, त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली. फिलूमाय निघाली म्हटल्यावर बाकीच्या घरांना मला फार समजवावं लागलं नाही. मुलंबाळं, म्हातारे, एक नवी बाळंतीण, सगळे तिच्या मागे गेले.

यंत्रघरात परत येताना मी नारळाकडे पाहिलं. झावळ्या उलट्या झाल्या होत्या. वारा समुद्राकडून गल्लीत येत होता.

काम उद्यावर ढकलावं का? फिलूमाय दुसऱ्यांदा घराबाहेर पडली नसती, आणि इनासकाका दुसऱ्यांदा तिच्या दारात गेले नसते. घरं रिकामी होती. मी मास्क चढवला आणि दत्तारामला खूण केली.

पहिल्या जोराला व्हॉल्व्ह हललाच नाही. दुसऱ्या जोराला कर्र करून थोडा फिरला आणि त्याच क्षणी दांड्याच्या बुडाशी फुस्स असा आवाज झाला. पांढरी वाफ सुटली, बघता बघता तिचा झोत झाला, आणि समोरची भिंत दिसेनाशी झाली. दत्ताराम दचकून मागे सरला. त्याने पुन्हा पाना लावला तो उलट्या दिशेने, व्हॉल्व्ह होता तसा उघडायला. माणूस घाबरला की जिथून आला तिथे परत जाऊ पाहतो.

मास्कमधून बोललेलं ऐकू येत नाही. मी त्याच्या मनगटाला धरलं. त्या जातीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला, की गळणारी जागा टाकीपासून तुटते आणि गळती आपोआप थांबते. म्हणजे सुटका पुढे होती, मागे नव्हती. हे सगळं मला एका मान हलवण्यातून सांगायचं होतं. काचेआड त्याचे डोळे मोठे झालेले दिसत होते. मी माझे दोन्ही हात पान्यावर त्याच्या हातांशेजारी ठेवले आणि बंदच्या दिशेने ओढायला लागले. क्षणभर आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध जोर लावत होतो. मग त्याने सोडलं. सोडलं म्हणजे माझ्या बाजूने ओढायला लागला.

मानेवर, मनगटावर, जिथे जिथे घाम होता तिथे तिथे आग होत होती. दारात इनासकाका तोंडाला ओला टॉवेल बांधून पाण्याचा फवारा ढगावर मारत होते, मी सांगून ठेवलं होतं तसा, दूरवरून. व्हॉल्व्ह इंचाइंचाने बसत गेला. आवाज फुसफुशीवर आला, मग थांबला. कॉम्प्रेसर मात्र आपला धडधडत होता, नळ्यांतला उरलेला अमोनिया ओढून घेत. त्या आवाजाइतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

जो ढग सुटला होता, तो खिडकीतून बाहेर पडून भिंतीपलीकडे उतरला होता.

वास पूर्ण विरल्यावर बऱ्याच वेळाने आम्ही फिलूमायला घेऊन तिच्या अंगणात गेलो. अळूची पानं करपून काळी पडली होती. खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या. मासे साफ करायचा पाट जिथल्या तिथे होता. फिलूमाय त्या पाटाकडे पाहत राहिली. मग एक एक कोंबडी उचलून ओळीत ठेवायला लागली. इनासकाका तिच्याशेजारी खाली बसले आणि तेही उचलायला लागले. मी तिथून बाहेर आले.

बाहेर गर्दी होती, आणि ती माझ्यावर भडकली होती. ‘‘इतकी वर्षं काय झालं न्हाय, ही बाई आली आणि गॅस सुटला!’’ एक तांडेल तर माझ्या तोंडासमोर बोट नाचवत होता. त्याची बोट बर्फावाचून अडली होती. त्याच्या जागी मी असते तरी मला तसंच दिसलं असतं. आम्ही हात लावला आणि सुटलं, हे खरंच होतं. न लावता सुटलं असतं तर काय झालं असतं, हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. इनासकाका तेवढ्यात फाटकाशी आले. मला वाटलं, आता ते दोन शब्द बोलतील. ते गर्दीतून वाट काढत कारखान्यात निघून गेले.

संध्याकाळी वेल्डरने नळी कापली. दत्तारामने तो तुकडा जमिनीवर ठेवून हातोडी मारली, आणि पहिल्याच ठोक्याला भोक पडलं. ते पाहायला आम्ही तिघंच होतो. दत्ताराम बाहेर बघत म्हणाला, ‘‘बोलवू त्यांना?’’ मी नको म्हटलं. आता वाटतं, बोलवायला हवं होतं. माझ्यासाठी नाही. त्या गावाला आपल्या भिंतीपलीकडे काय होतं ते कळायला हवं होतं. दमले होते, आणि मला रडू येईल अशी भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. नवं आवरण घातल्यावर बिलही कमी झालं, तसा मला दत्तारामचा फोन आला. इनासकाकांचा आला नाही. त्या किनाऱ्यावरून मला बराच काळ एकही काम मिळालं नाही. ‘गॅसवाली मॅडम’ हे नाव मात्र भाईंदरपर्यंत पोचलं.

पुढच्या वर्षी काशीमीऱ्याच्या गोदामांमागच्या एका शीतगृहाच्या मालकाने मला बोलावलं. माझ्याबद्दल त्याच्या कानावर काहीतरी आलं होतं. मी समोर बसलेली असतानाच त्याने इनासकाकांना फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर सुरू केला. मी उठू लागले, त्याने हाताने बसवलं.

‘‘इनासशेट, ती सावंत मॅडम आलीय. कशी आहे बाई?’’

पलीकडे कॉम्प्रेसरची धडधड ऐकू येत होती.

‘‘भांडखोर हाय,’’ इनासकाका म्हणाले. ‘‘सांगशील ते काम करणार न्हाय. तू जे लपवलंयस तिकडेच जाईल पहिली. शब्द देईल आणि तुझ्या तोंडावर मोडेल.’’

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

‘‘मग? नको घेऊ?’’

‘‘मी कुठे तसं बोललो?’’ ते चिडून म्हणाले. मग मागून एका बाईचा आवाज आला, जेवायला बसतोस की न्हाय, असं काहीतरी. ‘‘आलो बाय,’’ ते तिकडे म्हणाले, आणि फोन ठेवला.

शीतगृहाच्या मालकाने फोन बाजूला ठेवला. मग त्याने खणातून चाव्यांचा जुडगा काढला आणि वॉचमनला हाक मारून मागचं दार उघडायला सांगितलं.